लायब्ररीची फी भरता, मग कपाट उघडायला लावा

कॉलेजच्या लायब्ररीत आपली पोरं दिसतात, नाही असं नाही. पंखा, उजेड कॉलेजचा आणि समोर घरून आणलेलं गाइड! कपाटांकडे कुणी फिरकत नाही. ‘सिलॅबसबाहेरचं वाचून नोकरी लागते का?’ हे घरी अब्बा विचारतात, वर्गात सरही. मला हा प्रश्नच मान्य नाही.

वर्गात कुणी इतिहासावरून टोमणा मारला की आपला मुलगा मान खाली घालतो, नाहीतर व्हॉट्सॲपवरचा मेसेज पुढे करतो. अरे, उत्तर दहा पावलांवर आहे. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली, ती मागा. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ मागा. मराठीत ओव्या लिहिणारा हा संतकवी आपल्याच मुलांना ठाऊक नसावा? हमीद दलवाईंचं ‘इंधन’ मागा. दलवाईंशी भांडायचंय? जरूर भांडा, पण वाचून. (त्यांना शिव्या देणाऱ्या किती जणांनी त्यांचं एक पान उलटलंय, देव जाणे.)

ड्यूई वर्गीकरणात इस्लामचा क्रमांक २९७. आपली मुलं कपाटापर्यंत गेलीच तर तिथेच थांबतात. ९५४ला भारताचा इतिहास असतो, तोही आपलाच आहे.

‘परीक्षेला नाही, मग कशाला हवं?’ हे काउंटरवर मलाही ऐकवलं गेलंय. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा रंगनाथनांचा पहिलाच नियम, १९३१चा. तो तोंडावर सांगा. कुलूप असेल तर चावी मागा. पुस्तकच नसेल तर नाव, लेखक, प्रकाशक लिहून खरेदीसाठी लेखी मागणी द्या, आणि पोच घ्या.