अनुक्रमणिका आहे, अंक नाही

एक संगीतविषयक मासिक डोळ्यांसमोर आणावे. मुखपृष्ठावर ठळक नाव, नावाखाली वाचकाकडे रोखून पाहणारा तरुण गायक, डाव्या कडेला आतल्या मजकुराची जाहिरात करणाऱ्या ओळी, खालच्या कोपऱ्यात किंमत आणि बारकोड. आत अनुक्रमणिका, तीत वीस-पंचवीस लेखांची नावे आणि पृष्ठांक. त्यानंतर एक जोडपान, त्यावर गायकाची मुलाखत. आणि मग काहीच नाही. अनुक्रमणिकेत नोंदलेले उरलेले लेख कोणी लिहिलेलेच नाहीत. तो गायक गायक नाही, वर्गातला मित्र आहे. ज्या नव्या अल्बमविषयी तो बोलतो, त्यातले एकही गाणे कोणी रचलेले वा गायलेले नाही. किंमत कोणी मोजणार नाही आणि तो बारकोड कोणतेही यंत्र वाचणार नाही.

हे विडंबन नव्हे. ब्रिटनमधील ओसीआर या परीक्षामंडळाच्या ‘माध्यम अभ्यास’ विषयाच्या, २००८ पासून शिकवल्या गेलेल्या एएस पातळीच्या अभ्यासक्रमात असा प्रकल्प होता. सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने आधी सराव म्हणून शाळेच्या नियतकालिकाचे मुखपृष्ठ करायचे आणि मग एका नव्या संगीत मासिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका व जोडपान. छायाचित्रे आणि मजकूर स्वतःचाच हवा. शंभरापैकी २० गुण संशोधन व नियोजनाला, ६० निर्मितीला, २० मूल्यमापनाला. मूल्यमापनातला पहिलाच प्रश्न असा की, बाजारातील खऱ्या मासिकांचे संकेत तुम्ही कसे वापरलेत, कसे विकसित केलेत, कुठे मोडलेत. २०१७ पासूनच्या फेररचनेत हा अभ्यासक्रम मागे पडला. आता ए-लेव्हलच्या ३० टक्के गुणांसाठी जो निर्मितिप्रकल्प असतो त्याचे विषय दरवर्षी बदलतात. परंतु ‘प्रकाराचे संकेत ओळखा आणि त्यांबरहुकूम वस्तू घडवा’ ही दृष्टी कायम आहे. आमचा वाद त्या दृष्टीशी आहे.

आमचे म्हणणे असे : या पद्धतीने विद्यार्थी मासिक शिकत नाही, संगीत शिकत नाही आणि ज्याचे नाव घेऊन हा सारा खटाटोप चालतो तो ‘प्रकार’ही शिकत नाही. त्याच्या हाती लागते ती प्रकाराची कात. सापाची कात हुबेहूब सापासारखी दिसते, तिच्यावर खवल्यांची नक्षीही असते. पण ती हाती आली म्हणजे साप कळला असे होत नाही.

संकेत म्हणजे काय? एखाद्या काळी, एखाद्या अडचणीवर कोणीतरी काढलेला तोडगा. तोडगा टिकतो, अडचण विस्मरणात जाते. मग त्या तोडग्याला आपण संकेत म्हणतो. मुखपृष्ठावरचे नाव वरच्याच बाजूला का, महत्त्वाच्या ओळी डाव्या कडेलाच का? तर विक्रेत्याच्या फळीवर अंक एकमेकांवर रेलून ठेवलेले असत आणि ग्राहकाला दिसे ती केवळ एखादी कड. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात ब्रिटनमधील पहिली ‘लोकप्रिय तबकड्यांची यादी’ छापली, ती पर्सी डिकिन्स यांनी सुमारे वीस दुकानांना दूरध्वनी करून विक्रीची विचारणा केली म्हणून. १९७८ साली सुरू झालेल्या ‘स्मॅश हिट्स’ने गाण्यांचे शब्द छापले; रेडिओवर ऐकलेल्या गाण्याचे नेमके शब्द मिळवण्याचा दुसरा सोपा मार्ग शाळकरी वाचकाजवळ नव्हता. प्रत्येक संकेताच्या मागे असा एक प्रश्न उभा आहे आणि त्या प्रश्नाच्या मागे एक माणूस.

वर्गातल्या तक्त्यात यातले काय उतरते? ‘नाव वर हवे. यादीची चौकट हवी. रंग भडक हवेत.’ विद्यार्थी यादीची चौकट आखतो आणि तीत दहा काल्पनिक नावे भरतो. वीस दुकानांना विचारणे हा या यादीचा प्राण होता. चौकट हा तिचा केवळ सांगाडा. आम्हांला विचाराल तर ज्या विद्यार्थ्याने आपल्या शाळेतील वीस जणांना ‘या आठवड्यात काय ऐकलेत?’ एवढे विचारून ती उत्तरे वहीच्या पानावर वेडीवाकडी लिहिली, त्याला संगीत मासिक अधिक कळले. कारण विचारायला गेल्यावरच हेही कळते की, कोणाला विचारले नाही. १९८० च्या दशकात ‘अलाप’, ‘हीरा’ यांसारख्या भांगडा गटांच्या कॅसेट ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने खपत होत्या, पण त्या खपत होत्या दक्षिण आशियाई वस्तीतील छोट्या दुकानांतून; आणि अधिकृत यादीसाठी ज्या दुकानांची विक्री मोजली जाई त्यांत ही दुकाने नव्हती. म्हणून यादीत भांगडा जवळजवळ नव्हताच. यादीची चौकट जो फक्त ‘आखतो’ त्याला ही वगळणूक कधीही दिसणार नाही. संकेत आंधळेपणाने पाळणे म्हणजे त्यातली वगळणूकही पाळणे होय.

आता संकेत मोडण्याविषयी. प्रश्नपत्रिकेत त्यालाही जागा आहे, आणि तेथेच या दृष्टीचे दिवाळे निघते. १९७६ साली लंडनच्या डेटफर्ड भागातील मार्क पेरी या एकोणीस वर्षांच्या बँक कारकुनाला ‘रमोन्स’ या अमेरिकी गटाविषयी वाचायचे होते. हवे तसे वाचायला मिळेना, म्हणून त्याने स्वतःच ‘स्निफिन ग्लू’ काढले. साधे टंकलेखन यंत्र, मथळ्यांना जाड शाईचे पेन, खाडाखोड तशीच ठेवलेली, आणि फोटोकॉपी करून जेमतेम काही डझन प्रती. पुढे प्रती हजारांवर गेल्या आणि वर्षभरातच, १९७७ साली, पेरीने ते बंद केले. तीन कॉर्ड काढून दाखवून ‘आता स्वतःचा बँड काढा’ असे वाचकाला सांगणारी प्रसिद्ध आकृती पुष्कळदा याच पत्राच्या नावावर खपवली जाते. वस्तुतः ती ‘साइडबर्न्स’ या त्याच्याच पिढीतल्या दुसऱ्या पत्रातली. या पत्रांना संकेत मोडायचे नव्हते. त्यांना काही सांगायचे होते आणि सांगायला पैसे नव्हते. संकेत मोडले ते ओघाने.

आज ‘पंक मासिकाचे संकेत’ या सदराखाली विद्यार्थ्याला शिकवले जाते की, अक्षरे कातरून चिकटवल्यासारखी हवीत, कडा फाटक्या हव्यात, मधूनच एखादा शब्द खोडलेला हवा. संगणकावर त्यासाठी तयार टंक मिळतात. विद्यार्थी आधी शब्द बिनचूक लिहितो, मग त्यावर काट मारल्याची खूण उमटवतो. गरिबी अलंकार झाली, चूक नियम झाली, आणि बंडाला साठातले गुण मिळू लागले!

याहून गंभीर गोष्ट वाचकाची. १९७६ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या मैफलीत एरिक क्लॅप्टन यांनी स्थलांतरितांविरुद्ध, इनॉक पॉवेल यांच्या बाजूने उद्गार काढले. तेव्हा रेड साँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निषेधाचे पत्र संगीत साप्ताहिकांना पाठवले. ते छापले गेले, वाचकांची पत्रे आली, आणि त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली; तिने ‘टेम्पररी होर्डिंग’ हे आपले पत्रही काढले. एका पत्रव्यवहाराच्या सदराने केवढे काम केले! मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि जोडपान एवढ्या साच्यात वाचकांच्या पत्रांना जागाच नाही. वाचक तेथे आहे तो ‘लक्ष्यगट’ म्हणून : त्याचे वय, त्याचे कपडे, त्याच्या खिशातले पैसे. ही नेम धरण्याची भाषा आहे. ज्याच्यावर नेम धरला आहे तो उलट पत्र लिहील, ही शक्यता त्या भाषेत बसतच नाही.

आमच्यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की, अनुकरणावाचून विद्या नाही. गायक आधी गुरूची जागा गळ्यावर चढवतो, कवी आधी वृत्ते घोटतो; मग सोळा वर्षांच्या मुलाने आधी साचा गिरवला तर बिघडले कुठे? स्टीव्ह नील यांनी १९८० सालीच दाखवून दिले आहे की, प्रकार हा पुनरावृत्ती आणि भेद या दोहोंवर जगतो. तेव्हा पुनरावृत्ती शिकवणे चुकीचे कसे? आम्हांला हे मान्य आहे. पण शिष्य गुरूची जागा गिरवतो तेव्हा तो सूर लावत असतो. बेसूर झाला की त्याला तिथल्या तिथे कळते. वृत्त घोटणारा खरे शब्द घोटतो. येथे घोटले काय जाते? न झालेल्या मुलाखतीचे दिसणे. प्रश्न विचारल्यावर समोरचा गप्प बसला, विषय टाळून गेला, उलट चिडला, तर काय करावे हा मुलाखतीचा रियाज. तो या प्रकल्पात कोठे घडतो? हे तंबोऱ्याविना, गळ्याविना, केवळ हातवाऱ्यांचे गाणे झाले.

दुसरा आक्षेप आम्हांला अधिक अस्वस्थ करतो. ज्यांच्या घरी मासिके येतात, ज्यांचे आईबाप वाजवतात-गातात, त्या मुलांना हे अलिखित नियम आपोआप कळतात. ज्यांच्या घरी यातले काहीच नाही, त्यांना तक्ताच आधार देतो. नियम उघड केले की स्पर्धा न्याय्य होते. हे खरे आहे, आणि म्हणूनच तक्ता फाडून टाका असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच मुलाला आपण काय देतो याचा विचार व्हावा. ज्याच्याजवळ स्वतःचे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, त्याला आपण सांगतो की तुझ्या मोहल्ल्यातले ढोल, तुझ्या चर्चमधला गायकवृंद, तुझ्या भावाच्या खोलीतला रॅप बाजूला ठेव आणि अस्तित्वात नसलेल्या एका गायकाला जाकीट घाल. नियम उघड झाले, पण मूल झाकले गेले.

मराठीच्या अध्यापकांनी या परदेशी कथेत का पडावे? कारण ही दृष्टी आपल्या वर्गांतही आहे. कथेचे घटक पाठ करवून कथा लिहवून घेणे, ललित निबंधाची ‘वैशिष्ट्ये’ क्रमांक घालून उतरवून देणे, हे आपणही करतो. वस्तुतः आपल्याजवळ एक फार चांगला धडा आहे. १९५० च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ चक्रमुद्रित करून काढले आणि पुढे साठच्या दशकात ‘असो’, ‘वाचा’ यांसारखी पत्रे निघाली. त्यांना आपण ‘अनियतकालिके’ म्हणतो. ठरल्या वेळी निघणे हा नियतकालिकाचा अगदी पहिला संकेत; तोच या नावात नाकारला आहे. पण ते नाकारणे हा हेतू नव्हता. मजकूर झाला की अंक निघे, कारण मजकूर होईपर्यंत अंकाला अर्थ नव्हता. प्रकल्पातल्या मासिकाचे नेमके उलटे आहे : तेथे मजकुरावाचूनच अंक सिद्ध होतो.

मग करावे काय? आमची मागणी लहान आहे. चार कागद घड्या घालून सोळा पाने करावीत आणि सोळाही पाने भरावीत. एक मुलाखत हवी, खऱ्या माणसाची, मग तो लग्नात वाजवणारा असो की देवळात गाणारा. एक परीक्षण हवे, खरोखर ऐकलेल्या गाण्याचे. अंकाच्या प्रती वाटाव्यात आणि दुसऱ्या अंकात आलेली पत्रे छापावीत. संकेतांचा तक्ता वर्गात असावा, पण दुसऱ्या अंकाच्या वेळी. म्हणजे विद्यार्थी त्यापाशी स्वतःची अडचण घेऊन येईल आणि दुसऱ्यांनी काढलेला तोडगा त्याला तोडगा म्हणून दिसेल. मूल्यमापनातही संकेत वापरले की मोडले हे खुशाल विचारावे. फक्त त्याआधी एक प्रश्न असावा आणि त्याचे उत्तर कोरे असेल तर पुढचे गुण देऊ नयेत : तुम्ही काय ऐकलेत?