तार की अलाइनर? आधी चहाचे कप मोजा

गेल्या महिन्यात बोईसरला बहिणीकडे गेलो, तर घरात दातांवरून वाद पेटलेला. भाची पालघरला कॉलेजात आहे, एफवायला. तिचे वरचे सुळे पुढे आलेत, खालचे दात एकमेकांवर चढलेत. पालघरच्या डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले होते. एक तार, म्हणजे ब्रेसेस. दुसरा अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे पारदर्शक ट्रे. तारेचे पंचेचाळीस हजार, तेही महिन्याला थोडे थोडे दिले तरी चालतील. अलाइनरचे दीड लाख. मेव्हणे तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जातात. तरीही आपा अलाइनरवरच अडून बसलेली.

"तार लावली की चार बायका विचारणार, काय झालं पोरीच्या तोंडाला? उद्या स्थळं यायला लागतील. अलाइनर कोणाला दिसत तरी नाहीत."

शेजारच्या खाला तिथेच बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं वेगळंच. दात सरळ करणं हरामच आहे, अल्लाहने दिलेत तसे ठेवा. आणि मेव्हण्यांचे एक दोस्त, स्वतःला फार हजरजबाबी समजणारे, म्हणाले, "पोरगी नकाब घालते, मग सरळ काय नि वाकडे काय, बघणार कोण?"

भाची कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

आधी खालांचं घेतो, कारण ही शंका आपल्या बऱ्याच घरांत असते आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद यांच्याकडून आलेली हदीस आहे. गोंदवून घेणाऱ्या, भुवया उपटणाऱ्या आणि सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या बायकांवर त्यात लानत आहे. त्या काळी वय झालेल्या बायका दात कानशीने घासून मध्ये फट पाडत, म्हणजे कोवळ्या वयाच्या दिसाव्यात. हदीसमधला "सौंदर्यासाठी" हा शब्द महत्त्वाचा. तेराव्या शतकातले इमाम नववी यांनी मुस्लिम शरीफच्या भाष्यात नेमकं याच शब्दावर बोट ठेवलंय: मनाई सौंदर्यासाठी करण्याला आहे, उपचारासाठी किंवा दातात दोष आहे म्हणून केलं तर हरकत नाही. नववी शाफई होते आणि आपल्याकडचे कोकणी मुसलमान बहुतेक शाफईच, म्हणजे खालांना दूरच्या कोणाचं मत ऐकवलं असंही नाही. शिवाय हजरत अर्फजा यांचा किस्सा आहेच. लढाईत त्यांचं नाक गेलं. चांदीचं बसवलं तर त्याला वास यायला लागला, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. बिघडलेलं नीट करणं आणि धडधाकट असलेलं बिघडवणं यात फरक आहे. तरीही मन मानत नसेल तर आपल्या मुफ्तींना विचारा, पण विचारताना दात कसे आहेत ते पूर्ण सांगा.

नकाबवाल्या दोस्तांना मी इतकंच म्हणालो, की दात बघण्यासाठी नसतात, चावण्यासाठी असतात. एकमेकांवर चढलेल्या दातांच्या सांदीत ब्रश पोचत नाही, मिसवाकही पोचत नाही. तिथे अन्न अडकतं, कीटण साचतं, हिरड्यांतून रक्त यायला लागतं. नकाबाच्या आतही हे सगळं होतंच. (त्यांच्या स्वतःच्या दातांवर मावा-तंबाखूने जो रंग चढलाय, तो आम्ही सगळे रोज नकाबाशिवाय बघतो. पण ते मी बोललो नाही.)

आता मुद्द्यावर. दात सरकवण्याचं तत्त्व दोन्हीकडे सारखंच. दातावर हलका दाब सतत ठेवायचा. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं हाड भरतं. हे काम महिन्याला साधारण एक मिलिमीटर इतक्या धिम्या गतीने होतं. म्हणून दीड-दोन वर्षं लागतात आणि म्हणूनच कोणी सहा महिन्यांत सगळं करून देतो म्हणाला तर जपून. खरा फरक आहे तो हा सतत दाब कोणाच्या भरवशावर राहणार, यात. तार दाताला चिकटवलेली असते. तुम्ही झोपा, कॉलेजला जा, विसरून जा, ती आपलं काम करते. अलाइनर तुम्हीच घालायचा, तुम्हीच काढायचा. दिवसाचे वीस ते बावीस तास तो तोंडात हवा. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा ट्रे. तोंडात ट्रे असताना साध्या पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. चहा तर नाहीच. गरम चहाने प्लास्टिक वाकतं आणि डागही पडतात.

आणि इथेच मला बोईसर दिसतं. आपल्याकडे दिवसाला चहा किती वेळा होतो? सकाळी उठल्यावर, नाश्त्याला, कोणी आलं म्हणून, स्टेशनबाहेर गाडीची वाट बघताना, मैत्रिणींबरोबर कँटीनला, संध्याकाळी अब्बा शिफ्टवरून आले की. दर वेळी ट्रे काढा, डबीत ठेवा, चहा घ्या, चूळ भरा, परत चढवा. डबी नसली की ट्रे जातो टिश्यूत, आणि टिश्यू जातो कचऱ्यात. चढवायचा कंटाळा केला की बावीसचे पंधरा तास कधी होतात कळतही नाही. दात आपल्या जागी परत यायला लागतात आणि पुढचा ट्रे बसतच नाही. भाचीला मी विचारलं, दिवसाला किती कप? तिने बोटं मोजली आणि हसली. दुसऱ्या हाताची बोटं लागली होती.

गंमत म्हणजे अलाइनरवाल्याला सगळ्यात सोपा महिना रमजानचा. सहरीनंतर ट्रे चढवला की इफ्तारपर्यंत काढायचं कारणच नाही. पण बाकीचे अकरा महिने?

तारेचंही कौतुक करून चालणार नाही. पहिले काही दिवस गालाच्या आतून सोलतं, तोंड येतं, मेण लावावं लागतं. तार आवळली की दोन-तीन दिवस भाकरी चावत नाही, खिचडीवर राहावं लागतं. चिक्की, ऊस, सुपारी, हाडं चोखणं बंद. इफ्तारचा खजूरसुद्धा बी काढून, बारीक तुकडे करून. ब्रशिंगमध्ये आळस केला तर तार निघाल्यावर दातांवर पांढरे डाग राहतात, ते जन्माचे. चिकू मात्र भरपूर खा, डहाणूचा.

पण तारेबरोबर एक गोष्ट येते, जिची किंमत बिलात लिहिलेली नसते. दर चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टर तोंड उघडून बघतातच. तार सुटली, हिरडी सुजली, दाढ किडली, लगेच कळतं. अलाइनर चांगल्या ऑर्थोडॉन्टिस्टकडून घेतला तर तोही बोलावून बघतो, ते वेगळं. माझा राग आहे तो घरी येऊन दातांचा साचा नाहीतर स्कॅन घ्यायचा आणि डबा कुरिअरने धाडायचा, या धंद्यावर. एक्स-रे नाही, हिरड्यांची तपासणी नाही, डॉक्टर फोनच्या स्क्रीनवर. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची मोठी कंपनी असंच करायची. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली आणि कित्येकांचे उपचार अर्ध्यात लटकले. डहाणू लोकलमध्ये बसल्या बसल्या मोबाइलवर हप्ता भरताना ही गोष्ट आठवावी.

अलाइनर वाईट आहे असं मी म्हणत नाही. ही वस्तू मुळात निघाली तीच मोठ्या माणसांसाठी. पाकिस्तानी वंशाचा झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी १९९७ साली कॅलिफोर्नियात कंपनी काढली. चिश्तीने मोठेपणी तार लावून घेतली होती आणि तार निघाल्यावरच्या रिटेनरवरून त्याला ही कल्पना सुचली. थोडीशी फट, थोडीशी गर्दी, माणूस शिस्तीचा, पैशाची ओढाताण नाही, तर खुशाल घ्या. आखातात नोकरीला निघालेल्या पोराला तार लावून पाठवणं तर चूकच. तिकडे ती आवळणार कोण? पण दात फार फिरलेले असतील, सुळे वर अडकलेले असतील, दाढा काढून जागा करावी लागणार असेल, तर अजूनही तारेचा हात जास्त खात्रीचा.

ज्यांना पंचेचाळीस हजारही जड आहेत, त्यांच्यासाठी मुंबई सेंट्रलजवळ नायरचं दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे. खर्च खासगीपेक्षा बराच कमी. पण बोईसरपासून शंभर किलोमीटर, नंबर लागायला वेळ आणि दर खेपेला एक खाडा. २०१३ ला लोकल डहाणूपर्यंत आली म्हणून निदान गाडी तरी आहे. जवळच्या दवाखान्यात जाणार असाल तर एकच विचारा: तार लावणारे डॉक्टर बीडीएसनंतर तीन वर्षांचं ऑर्थोचं एमडीएस केलेले आहेत का, आणि महिन्यातून कोणत्या दिवशी येतात? देशातली पहिली व्यापारी अणुवीज १९६९ साली जिथे तयार झाली, त्या तारापूरच्या शेजारी राहून आपण दातांच्या डॉक्टरची वाट बघतो दुसऱ्या रविवारची. असो. दुसरा रविवार निदान ठरलेला तरी असतो.

आणखी एक, पैशाचा हिशेब करताना रिटेनर विसरू नका. तार असो की अलाइनर, शेवटी रिटेनर लागतोच, आणि तोही वर्षानुवर्षं रात्री घालावा लागतो. नाही घातला तर दात परत फिरतात आणि सगळे पैसे पाण्यात.

राहिली आपाची गोष्ट. तिला मी विचारलं, दिसू नये म्हणून वरचे एक लाख पाच हजार कोणासाठी देतेस? जी बाई पोरीच्या तोंडात तार बघून उठून जाणार, ती उद्या पोरीला चष्मा लागला तर काय करेल? आपा चिडली. म्हणाली, तुला मुलगी नाही म्हणून बोलतोस. तिचं चूक नाही. बघायला येणाऱ्या बायका कशा बघतात ते तिने स्वतः सोसलंय. मी गप्प बसलो.

मग भाचीच बोलली. "मामू, मला तारच लावायची आहे. आमच्या वर्गात दोघींना आहे. रबराचे रंग बदलून मिळतात दर महिन्याला."

पुढच्या दुसऱ्या रविवारी अपॉइंटमेंट आहे. पहिल्या महिन्याला निळा रंग ठरलाय. आपा बरोबर जाणार आहे, मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाही.