गृहव्यवस्था : कोठीचे पहारेकरी

वर्षाच्या बेगमीची चाल ज्या घरांत अद्याप टिकून आहे, तेथील गृहिणीस गव्हातील सोंडकिडा आणि तुरीतील भुंगेरा हे शत्रू नवे नाहीत. कडुनिंबाचा पाला, वेखंड, एरंडेल ही त्यांवरील साधने वडील मंडळींनी सांगून ठेवलेलीच असतात. परंतु पाला घालूनही धान्य किडले, असा अनुभव पुष्कळांस येतो. आणि मग जुने उपाय निरुपयोगी ठरवून बाजारातील विषारी गोळ्यांकडे हात वळतो. दोष पाल्याचा, की तो घालण्याच्या वेळेचा, हा विचार मात्र सहसा होत नाही.

या प्रश्नावर वेरूळच्या लेण्यांपासून घेण्यासारखा धडा आहे. पुरातत्त्व खात्यातील रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह व वनस्पतिशास्त्राचे अध्यापक मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात असे दाखविले, की तेथील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आहेत. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही; तेथील निदान चतुर्थांश चित्रे किड्यांनी नासली, वेरुळास मात्र तसा उपद्रव दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आपल्या कोठीस भांगेची गरज नाही, व १९८५ च्या कायद्याने त्या झाडाच्या लागवडीवर निर्बंधही आहेत. घ्यावयाचे ते इतकेच, की कारागिराने ती वनस्पती गिलावा लिंपण्यापूर्वी मिसळली, किडा शिरल्यावर नव्हे. वनस्पती ही पहारेकरी होय. घरात शिरलेला चोर ती धरून देत नाही.

असे का, ते सोंडकिड्याच्या राहणीवरून कळते. त्याची मादी दाण्यास सोंडेने भोक पाडून आत अंडे घालते व वरून चिकट द्रवाने तोंड बंद करते. अळी दाण्यातच वाढते आणि उष्ण हवेत सुमारे महिनाभराने किडा होऊन बाहेर पडते. आत कोंडलेल्या अळीस बाहेरच्या पाल्याची बाधा कशी व्हावी? म्हणून पहिला मान उन्हाचा. चैत्र-वैशाखात धान्य पातळ पसरून, दाताखाली दाणा कट् वाजेपर्यंत वाळवावे. ओलावा शेकडा १२ च्या आत असावा. मग ते पुरते निवू द्यावे, कारण गरम धान्य भरल्यास आत घाम सुटतो. कोठी अगर कणगी झाडून, तिच्या भेगा लिंपून घ्याव्या. मागील वर्षीचा किडा तेथेच दडून असतो.

यानंतर पाला. कडुनिंबातील अॅझाडिरॅक्टिन हे द्रव्य १९६८ साली इंग्लंडात बटरवर्थ व मॉर्गन यांनी वेगळे केले. त्याने किड्याची अन्नावरील वासना उडते व अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडते. हे द्रव्य पानांपेक्षा निंबोळीत अधिक असते. तथापि खाण्याच्या धान्यात कडू निंबोळी न घालता पाल्याचेच थर द्यावे. पाला सावलीत खडखडीत वाळलेला हवा. ओला पाला घातल्यास बुरशी मात्र येईल.

कडधान्याची गोष्ट निराळी. भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या पाठीवरच अंडी चिकटविते. तुरीवर वा मुगावर दिसणारे पांढरे ठिपके ते हेच. येथे तेल उपयोगी पडते. किलोस सुमारे ५ मिलिलिटर एरंडेल हाताने चोळले असता अंड्यावर तेलाचा लेप बसून आतील जीव गुदमरतो. वेखंड मात्र पुरचुंडीत बांधूनच ठेवावे. त्यातील असारोन किड्यांस मारक असले तरी पोटात जाणे हितावह नाही; सबब त्याची पूड धान्यात कालवू नये.

आता विषारी गोळ्यांविषयी. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीस हवेतील ओलावा लागताच फॉस्फीन नावाचा वायू निघतो. तो फटींतून शेजारच्या खोलीत शिरतो, आणि त्यावर खास असा उतारा वैद्यकास अद्याप सापडलेला नाही. म्हणूनच सरकारने या गोळ्यांचा वापर तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच ठेवला आहे. ज्या माजघरात कोठी, त्याच माजघरात रात्री मुले व म्हातारी माणसे निजतात. तेव्हा पायलीभर गहू वाया गेला तरी चालेल, पण ही गोळी घराचा उंबरठा ओलांडून आत येता कामा नये. किडलेले धान्य चाळून, पुन्हा उन्हात घालून आधी संपवावे, आणि पुढील वर्षी कोठी भरण्यापूर्वीच पहारेकरी नेमावे.