अपंग पोरांना तालमीचे दार कधी उघडणार?

जत्रा आली की आपल्या भागात कुस्त्यांचे फड लागतात, माणसं हजारोंनी जमतात. पण कडबाकुट्टीत हात गेलेला किंवा नजर अधू झालेला पोरगा तेव्हा कुठं असतो? कडेला, बघ्यांत. ‘आणखी काही मोडलं तर बोल कुणाला?’ म्हणत वस्ताद त्याला माघारी लावतो. हेतू वाईट नसतो. पण पोराचं नुकसान व्हायचं ते होतंच.

मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्याचा कपिल परमार बघा. लहानपणी शेतातल्या पाण्याच्या मोटारीचा त्याला शॉक बसला. तो कोमात गेला, पुढे दृष्टी क्षीण झाली. त्याच कपिलने २०२४ साली पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ज्युदोच्या ६० किलो गटात कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत ज्युदोमधले भारताचे ते पहिलेच पदक. मोटारीचा शॉक आपल्याकडंही नवा नाही. त्यानंतरची अशी वाट मात्र नवी आहे.

हे जमतं कसं? अंधांच्या ज्युदोत दोघांना आधी एकमेकांची पकड देतात, मगच लढत सुरू होते. पकड मिळाली की समोरच्याचा भार कुठल्या पायावर आहे ते हाताला कळतं. आपली ढाक तरी कशावर लागते? अंगाच्या अंदाजावरच ना! फरक शिकवण्यात आहे. ‘असं कर’ म्हणून नुसतं दाखवून भागत नाही. डाव तोंडानं सांगावा लागतो, पोराचा हात धरून पवित्रा बसवावा लागतो. सगळ्यांत आधी पडायला शिकवावं लागतं.

हात अधू असलेल्यांसाठी तायक्वांदो आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेपासून तो पॅरालिम्पिकमध्ये आला. त्यात गुण लाथेचे, तेही छाती-पोटावरच्या. डोक्यावर लाथ मारायला बंदी. ऐकू न येणाऱ्याला तर आपली कुस्तीच खुली आहे. हरियाणाचा कर्णबधिर मल्ल वीरेंदर सिंग याला २०२१ ची पद्मश्री मिळाली. आणि सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर? लष्करातले हे मुष्टियोद्धे १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले.

प्रश्न पैशाचा म्हणाल, तर ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची, असा नियम आहे. २०१६ च्या कायद्याने खेळात भाग घेण्याचा त्यांचा हक्कही मान्य केला आहे. मग या रकमेतला काही वाटा तालमीच्या मॅटसाठी, दारातल्या उतारासाठी, वस्तादांच्या प्रशिक्षणासाठी का जाऊ नये? डॉक्टरचा सल्ला अवश्य घ्यावा. पण पोराला झेपेल की नाही हे ठरवताना निदान त्याला विचारावं तरी. येत्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी मांडायला हवा. गावात असं पोर असेल तर त्यालाच पुढं बसवून.