टायबरकाठचा नाईक
10 जुलै 1944. इटलीतल्या टायबर खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्याने अख्खी तुकडी कोसळली. उरले फक्त नाईक यशवंत घाडगे. वय 22, गाव माणगाव तालुक्यातले पळसगाव, पलटण मराठा लाइट इन्फन्ट्री. ते एकटेच शत्रूच्या मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा टॉमीगन नळीकडून धरून दस्त्यानेच मोर्च्यातल्या उरलेल्या दोघा शत्रुसैनिकांना लोळवले. लपलेल्या नेमबाजांनी तिथेच त्यांचा प्राण घेतला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. कबर नाही; कॅसिनो इथल्या युद्धस्मारकावर नाव तेवढे आहे. 2023 साली इटलीतल्या मोन्तोने गावात त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभे राहिले. परमुलखाने एवढी आठवण ठेवली. आपल्या जानेफळच्या शाळांनीही येत्या 10 जुलैच्या परिपाठात, नकाशावर टायबर दाखवून, मुलांना घाडगे यांची गोष्ट सांगावी.