दुसरी धूळ

दीर्घिकांचा कोणताही जुना नकाशा उघडला की त्याच्या मधोमध टक्कल दिसते. वर-खाली ठिपक्यांची दाटी आणि आकाशगंगेचा पट्टा जातो तिथे शुकशुकाट. रिचर्ड प्रॉक्टर यांनी १८७८ मध्ये ही विरळ जागा नोंदवली तेव्हा त्या ठिपक्यांना तेजोमेघच म्हणत. त्या स्वतंत्र दीर्घिका आहेत हे कळायला अजून जवळपास अर्धे शतक जायचे होते. एडविन हबल यांनी १९३४ मध्ये मोजदाद करून पट्ट्याच्या कडा आखल्या. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो टाळण्याचा प्रदेश. टाळते कोण, तर आपली दृष्टी. आपण आकाशगंगेच्या तबकडीत बसून बाहेर पाहतो आणि तबकडीतली धूळ आडवी येते. आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो. दृश्य प्रकाशापुरते बोलायचे तर सुमारे एक पंचमांश आकाश अशा पडद्याआड आहे.

हा पडदा रेडिओलहरींनी फाडला. धुळीचा कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक आणि उदासीन हायड्रोजनची लहर २१ सेंटिमीटरची. एवढ्या लांब लहरीला ती धूळ जाणवतही नाही. ही लहर सापडू शकेल असे हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये बसून, कागदावर मांडले आणि १९५१ मध्ये यूएन व पर्सेल यांनी ती प्रत्यक्ष पकडली. तिची वारंवारता १४२०.४ मेगाहर्ट्‌झ. दीर्घिका दूर जात असेल तर हा आकडा घसरतो, आणि किती घसरला त्यावरून तिचा वेग व अंतराचा अंदाज मिळतो. म्हणजे दीर्घिका सापडते त्याच क्षणी तिचा पत्ताही हाती येतो. नेदरलँड्समधल्या ड्विंगेलो गावच्या २५ मीटरच्या दुर्बिणीने १९९४ मध्ये याच रीतीने शर्मिष्ठेच्या दिशेला एक दीर्घिका शोधली. अंतर सुमारे एक कोटी प्रकाशवर्षे, म्हणजे विश्वाच्या मापाने वाड्यातलीच बिऱ्हाडकरू, आणि तोवर तिचा पत्ता नव्हता. पुढे ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर दुर्बिणीवर एकाच वेळी आकाशातल्या १३ जागा पाहणारा ग्राहक बसवून दक्षिणेकडचा पट्टा विंचरण्यात आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या यादीत ८८३ दीर्घिका आहेत. त्यांतल्या एक तृतीयांश आधी कोणीही पाहिलेल्या नव्हत्या.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. विश्व मोठ्या मापावर सगळीकडे सारखेच असेल, तर शेजारच्या आकाशावरून मधला पट्टा भरून काढावा. दुर्बिणीचे तास कशाला खर्ची घालायचे? सरासरी काढायची असेल तर हे चालेल. इथे प्रश्न सरासरीचा नाही, ओढीचा आहे. आपली आकाशगंगा आणि तिचे शेजारी सेकंदाला सुमारे ६०० किलोमीटर वेगाने एका बाजूला सरकत आहेत, हे वैश्विक पार्श्वप्रारणाच्या मोजणीतून दिसते. ओढणारे वस्तुमान कुठे आहे ते जागेवर जाऊनच पाहावे लागते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सात खगोलशास्त्रज्ञांनी दीर्घिकांच्या वेगांवरून ‘महाआकर्षक’ सुचवला तो नेमका या पट्ट्याच्या काठाला. १९९६ मध्ये रेने क्रान-कोर्टेवेख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच भागातला, सुमारे २२ कोटी प्रकाशवर्षांवरचा नॉर्मा समूह किती अवजड आहे ते दाखवले. त्यांनीच २०१६ मध्ये त्याहून कितीतरी पलीकडे, जवळपास ८० कोटी प्रकाशवर्षांवर, व्हेला महासमूहाची बातमी दिली. शेजारचे आकाश पाहून हे दोन्ही कोणी भाकीत केले असते का? दीर्घिका पेरणी केल्यासारख्या एकसारख्या पसरलेल्या नसतात. त्यांचे पुंजके असतात आणि मध्ये मैलोगणती माळरान.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. २१ सेंटिमीटरची लहर हायड्रोजन वायू असेल तिथूनच येते. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत तो फारसा उरलेला नसतो आणि मोठ्या समूहांच्या गाभ्यात शिरलेल्या दीर्घिकांचा वायू तर ओरबाडला गेलेला असतो. म्हणजे जिथे वस्तुमान सर्वांत दाट, तिथेच ही मोजणी आंधळी. पाओलो मफेई यांना १९६० च्या दशकात अवरक्त प्रकाशात जी पहिली दडलेली दीर्घिका सापडली ती लंबवर्तुळाकारच होती. हायड्रोजनच्या भरवशावर बसलो असतो तर ती आजही निसटली असती. तेव्हा गाभ्यांसाठी अवरक्त आणि क्ष-किरण दुर्बिणी लागणारच. पण पट्ट्याच्या ऐन मध्यावर अवरक्तातही आपल्याच ताऱ्यांची गर्दी इतकी होते की मागची दीर्घिका वेगळी काढता येत नाही. समूहांना जोडणाऱ्या भिंती आणि धागे वायूने भरलेल्या चक्राकार दीर्घिकांचे असतात. ते रेडिओलाच दिसतात. व्हेला महासमूहाच्या कडा दृश्य प्रकाशातल्या वर्णपटांनी आखल्या, झाकलेला मधला भाग मात्र दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅटच्या ६४ थाळ्यांकडे आला.

मीरकॅटच का, आपल्या खोडदची महाकाय दुर्बीण का नाही? तिथे ४५ मीटरच्या ३० थाळ्या आहेत आणि १४२० मेगाहर्ट्‌झ तिच्या टप्प्यात आहे. पण थाळी जेवढी मोठी तेवढी तिची नजर अरुंद. खोडदला या लहरीत एका वेळी साधारण पूर्णचंद्राएवढाच तुकडा दिसतो, तर मीरकॅटच्या साडेतेरा मीटरच्या थाळ्यांना त्याच्या सुमारे दहापट क्षेत्रफळ. पट्टा विंचरायला रुंद नजर हवी. शिवाय मीरकॅट आता स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या प्रकल्पाचा भाग होणार आहे आणि त्यात भारताचा १,२५० कोटी रुपयांचा वाटा मंजूर आहे. या प्रकल्पाची नियंत्रणप्रणाली उभारण्यात पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची कामगिरी मोठी आहे. त्यामुळे पुढचा मुद्दा आपल्याही खिशाचा आहे.

आकाशगंगेची धूळ आपण ओलांडली; दुसरी धूळ आपणच उधळतो आहोत. आंतरराष्ट्रीय नियमांनी १४०० ते १४२७ मेगाहर्ट्‌झ या टप्प्यात कोणीही प्रक्षेपण करू नये असे ठरवले आहे. वाचायला छान वाटते. पण दीर्घिका दूर जाते तशी तिची लहर या कुंपणाबाहेर घसरते. सेकंदाला साडेआठ हजार किलोमीटर वेगाने दुरावणाऱ्या दीर्घिकेचा हायड्रोजन १३८१ मेगाहर्ट्‌झच्या आसपास सापडतो आणि नेमक्या त्याच ठिकाणी अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांवरची अणुस्फोट टिपणारी यंत्रणा अधूनमधून बोलते. त्याखाली विमानांवर नजर ठेवणारे रडार. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये कायदा करून, मीरकॅट उभी आहे त्या कारूच्या माळावर शांतता राखली. डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला तो कायदा लागू होत नाही.

लोकांना वाट दाखवणारे उपग्रह आणि विमानांची सुरक्षा यांच्यापुढे कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांची काय मातब्बरी, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, आणि यंत्रणा बंद करा असे कोणी म्हणतही नाही. उपग्रहांचे मार्ग मिनिटामिनिटाला ठाऊक असतात; अणुस्फोट टिपणाऱ्या यंत्रणेच्या चाचणी-प्रक्षेपणाच्या वेळा वेधशाळांना आधी कळवल्याने कोणाचा रस्ता चुकणार नाही. नियमांत यासाठी जागाही आहे. १३३० ते १४०० मेगाहर्ट्‌झ या टप्प्यात रेडिओ खगोलशास्त्राला त्रास होऊ नये म्हणून देशांनी शक्य ती काळजी घ्यावी, असे तिथे लिहिले आहे. विनंती आहे, बंधन नाही. १,२५० कोटींचा भागीदार म्हणून ही विनंती सक्तीची करून घेण्याचा आग्रह भारताने आंतरराष्ट्रीय बैठकांत धरायला हवा. व्हेला महासमूहाचा हायड्रोजन १३४० मेगाहर्ट्‌झला येतो.