पत सुधारायची म्हणजे नाक घासायचं नाही

पत ह्या शब्दानं आपल्याला फार नागवलंय. गावात पत होती ती जमीनवाल्याची, वाड्यातल्याची. आपल्या आज्याला दुकानदार उधार मीठ द्यायचा तेव्हा मीठ वरून टाकायचा आणि वहीतला आकडा गुपचूप वाढवायचा. ते रक्तात मुरलंय. म्हणून आजही बँकेतला टाय लावलेला पोरगा ‘तुमची पत बसत नाही’ म्हणाला की आपल्या पोराची मान खाली जाते. सालं, जणू त्यानं आईबापाचाच उद्धार केला. मग मान वर काढायला पोरगा धडपडतो आणि त्या धडपडीत आणखी रुततो.

माझं म्हणणं सरळ आहे. सिबिलचा आकडा म्हणजे तुमची इज्जत नव्हे. ती सावकाराची चोपडी आहे, फक्त कागदावरून कॉम्प्युटरात गेलेली. चोपडीपुढं लाजायचं नसतं, ती वाचायची असते. पत सुधारताना आपली माणसं ज्या चुका करतात त्यातल्या निम्म्या न वाचल्यामुळं होतात आणि निम्म्या लाजेपोटी.

आधी चोपडी काय आहे ते बघू. २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि फायनान्स कंपन्या त्यांना तुमच्या कर्जाची खबर देतात. कर्ज किती, हप्ता वेळेवर आला की नाही, किती दिवस थकला. त्यावरून ३०० ते ९०० ह्यात एक आकडा निघतो. ह्या चोपडीत तुमची जात नसते, तुमचा घाम नसतो, बचत खात्यातली शिल्लकही नसते. फक्त उधारी असते. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या गोष्टी सोप्या होतात.

पहिली चूक हीच, की लोक रिपोर्ट बघतच नाहीत. कुणीतरी सांगितलेलं असतं की बघितला की आकडा उतरतो. झूट आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्यानं काही उतरत नाही. उलट २०१७ पासून चारही कंपन्यांनी दरवर्षी एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाय, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे वर्षात चार फुकट. कुणा एजंटाला पाचशे रुपये कशाला द्यायचे?

आणि आपण तर बघायलाच पाहिजे. ठेकेदाराच्या ऑफिसात कामाला लागताना आधार आणि पॅनची झेरॉक्स देतो. खोली भाड्यानं घेताना देतो, सिम घेताना देतो. त्या झेरॉक्सी कुठं फिरतात कुणाला ठाऊक. पॅन तुमचं, कर्ज भलत्याचं, असं होतं. एकाच वस्तीत एकाच नावाचे तीन जाधव, चार कांबळे असतात. एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर चढू शकते. न बघणाऱ्याला हे कळतं कधी? घराचं कर्ज नामंजूर होतं तेव्हा.

दुसरी चूक ‘सेटलमेंट’. वसुलीवाला फोन करतो, चाळीतल्या शेजाऱ्यांसमोर आवाज चढवतो, मग गोड होतो : चाळीस हजार आहेत, पंधरा भरा, मिटवून टाकू. लाजेनं हैराण झालेला माणूस कुणाकडून तरी पंधरा आणतो, भरतो आणि सुटलो म्हणतो. सुटला नाही. चोपडीत ‘क्लोज्ड’ लिहिलं जात नाही, ‘सेटल्ड’ लिहिलं जातं. म्हणजे ह्यानं पूर्ण दिले नाहीत. ती नोंद वर्षानुवर्षं राहते. खरोखरच ऐपत नसेल तर सेटलमेंट करा, त्यात पाप नाही, पोरांच्या तोंडचा घास काढून फायनान्सवाल्याला देऊ नका. पण काय विकत घेतोय ते ठाऊक असू द्या. थोडी ताकद असेल तर हप्ता लहान करून मागा, मुदत वाढवून मागा, आणि पूर्ण फिटलं की बाकी नसल्याचा दाखला लेखी घ्या. तोंडी ‘हो गया भाई’वर घरी येऊ नका.

तिसरी चूक कार्डाची. बिलात एक ‘किमान रक्कम’ छापलेली असते. तेवढी भरली की झालं असं वाटतं. हिशोब करा. कार्डावर वीस हजार बाकी, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. व्याज झालं ७०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२६. तुम्ही समजा १,००० भरले, तर मुद्दलातून कमी झाले १७४. गावच्या सावकाराला एवढं नीट जमत नव्हतं! किमान रक्कम भरल्यानं थकबाकीची नोंद टळते एवढंच, कर्ज फिटत नाही. आणि मर्यादा पन्नास हजार असताना कायम पंचेचाळीस वापरत राहिलात तरी आकडा खाली येतो. ढोबळ मानानं मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं म्हणतात.

चौथी चूक घाईची. एका बँकेनं नाही म्हटलं की त्याच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज आणि मोबाईलवरच्या दोन ॲपवर. प्रत्येक अर्जाची चौकशी चोपडीत उमटते. बघणारा म्हणतो, ह्याला पैशाची आग लागलीय. एका ॲपचं कर्ज फेडायला दुसऱ्या ॲपचं काढणं म्हणजे तर खड्डा बुजवायला शेजारी खड्डा खणणं.

पाचवी चूक दोस्तीखात्यातली. जामीन राहणं. आपल्यात नाही म्हणायची चोरी आहे, कारण आपल्याला दुसरं कोण जामीन राहणार? हे खरंच आहे. पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. वेगळा करार नसेल तर बँक थेट तुमच्याकडं येऊ शकते, आणि मित्राचा हप्ता चुकला की तुमची चोपडीही काळी होते. राहायचं तर डोळे उघडे ठेवून राहा. दर महिन्याला त्याला विचारा, हप्ता गेला का? त्यात दोस्ती तुटत नाही.

सहावी चूक उलट्या टोकाची. ‘आपण कुणाचं घेतलंच नाही, आपली पत चांगलीच असणार.’ नाही. भिशी वेळेवर भरली, सावकाराची पै न् पै फेडली, तरी त्याची नोंद ह्या चोपडीत येत नाही. ज्यानं कधी बँकेचं घेतलं नाही त्याचं पान कोरं असतं. मात्र पान कोरं आहे एवढ्याच कारणानं पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०२५ च्या जानेवारीत बँकांना सांगितलंय. बँकेतल्या पोरानं मान हलवली तर हे त्याला ऐकवा. आणि पान भरायचंच तर मुदत ठेवीवर छोटं कार्ड घ्या, महिन्याला रिचार्जपुरतं वापरा, पूर्ण बिल भरा. जुनं, फी नसलेलं कार्ड रागानं बंद करू नका, जुना चांगला इतिहास कामाला येतो.

सातवी आणि सगळ्यात महागाची चूक : ‘सिबिल रिपेअर’वाला दलाल. दहा हजार द्या, दोन आठवड्यांत आकडा साडेसातशेवर. खरी नोंद कुठलाही दलाल पुसू शकत नाही. खोटी नोंद दुरुस्त करायला दलाल लागत नाही.

गोदीत बोटीतून माल उतरतो तेव्हा टॅली क्लार्क नग मोजतो. टोळीच्या नावावर दोन पोती कमी लागली तर आम्ही रडत बसत नाही. पुन्हा मोज म्हणतो. इथंही तसंच. चूक दिसली की त्या कंपनीकडं आणि बँकेकडं लेखी तक्रार टाका, नंबर घ्या. तीस दिवसांत निकाल लावला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. तरी दाद नाही दिली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. २०२२ च्या सप्टेंबरपासून ह्या पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्यात. तक्रारीला फी नाही, वकील नको. आणि २०२५ पासून नोंदी किमान पंधरवड्याला पुढं पाठवाव्या लागतात, म्हणजे नीट भरायला लागलात तर तेही लवकर दिसतं.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि चोपड्या चौकात जाळल्या. बरं केलं. त्या जाळपोळीनंतर सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आजची चोपडी जाळता येत नाही, ती दहा ठिकाणच्या मशिनींत ठेवलेली असते. पण सुप्याच्या माणसाला जे मिळत नव्हतं ते आपल्याला मिळतंय : चोपडीचं पान हातात, तेही फुकट, आणि त्यातल्या खोट्या आकड्यावर बोट ठेवायचा हक्क.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. त्यांचं नाव छातीवर लावणाऱ्या पोरानं बारा पानी करारावर न वाचता सही करावी? दोस्तांनो, ह्या महिन्यात एक काम करा. वस्तीतल्या दहा जणांना बसवा, प्रत्येकाचा रिपोर्ट मोबाईलवर काढा, मोठ्यानं वाचा. कुणाचं किती थकलंय ते चारचौघांत बोलायची लाज एकदा मोडली, की वसुलीवाल्याच्या हातातलं निम्मं हत्यार गळून पडतं. उरलेल्या निम्म्याशी हप्त्याहप्त्यानं, पावती घेऊन, लढता येतं.